पत्रिकेत पितृदोष निघाला, आता काय?

२०२५ चा पितृपक्ष ग्रहणाने सुरू झाला आणि ग्रहणानेच संपला. ७ सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं आणि २१ सप्टेंबरला, ऐन सर्वपित्रीला, खंडग्रास सूर्यग्रहण. हे दुसरं ग्रहण लागलं तेव्हा भारतात रात्र होती. ते इथून दिसणारच नव्हतं, आणि जे ग्रहण दिसत नाही त्याचे वेध पाळायचे नसतात हा पंचांगाचा जुनाच नियम आहे. पण मोबाईलवर पंधरा दिवस वेगळंच चाललं होतं. पितर रुष्ट आहेत, हा योग वाईट, पत्रिका तपासून घ्या, दोष असेल तर आत्ताच शांत करून टाका.

पितृपक्ष संपला, पण पितृदोष हा शब्द घरोघरी मुक्कामाला राहिला. इंदूरच्या मराठी घरांत मुलीचं लग्न लांबलं, सुनेला दिवस राहत नाहीत, दुकान चालेना, की कुणीतरी म्हणतंच, 'एकदा पत्रिका दाखवा.' दाखवली की बहुतेक वेळा दोष निघतो. उपायही आपल्याला लांब नाही. उज्जैन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सिद्धवट, गयाकोठा, रामघाट या पिंडदानाच्या जागा सगळ्या तिथेच. ओंकारेश्वरला नर्मदा आहे. दोष मोठा सांगितला तर रात्रीची गाडी धरून नाशिक, तिथून त्र्यंबकेश्वर.

मी श्राद्ध मानते. आमच्या घरी दर वर्षी महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, होतो आणि तो बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे लिहिते आहे. श्राद्ध आणि पत्रिकेतला पितृदोष या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या आहेत. आज त्या एकत्र शिजवल्या जातात, आणि जे प्रेमाने करायचं ते लोक धास्तीने करतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पितृपक्ष उशिरा, २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर असा येतो आहे. त्याआधी हे नीट समजून घेतलेलं बरं.

पितर म्हणजे नेमके कोण?

श्राद्धात पितर म्हणजे सरसकट सगळे मेलेले पूर्वज नव्हेत. तिथला हिशोब तीन पिढ्यांचा आहे: वडील, आजोबा, पणजोबा. त्यांच्याबरोबर आई, आजी, पणजी. मग आईकडचे तीन आणि त्यांच्या बायका.

माणूस गेला की लगेच पितर होत नाही. आधी तो प्रेत असतो, म्हणजे इथून निघालेला पण तिथे अजून न पोहोचलेला. दहा दिवसांचे विधी, अकरावा आणि मग बाराव्याला सपिंडीकरण. या विधीत नव्याने गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करतात आणि ते आधीच्या तीन पितरांच्या पिंडांत मिसळतात. तेव्हापासून तो पितर. शाळेत नवा वर्ग भरला की जुना वर्ग पुढच्या इयत्तेत जातो, तसं इथे होतं. वडील या रांगेत आले की आजवर तिसऱ्या जागेवर असलेले खापरपणजोबा पुढे सरकतात. त्यांना यापुढे स्वतंत्र पिंड नाही. पिंड दिल्यावर हाताला लागलेलं अन्न दर्भाला पुसतात, तेवढा वाटा त्यांचा.

या तीन पिढ्यांना तीन देवगणांची रूपं दिली आहेत. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. तर्पणाच्या वेळी गुरुजी प्रत्येक नावामागे हे म्हणायला लावतात ते यासाठी. याचा उपयोग पुढे येईल.

महालयाच्या दिवशी आमच्याकडे बारा वाजायच्या सुमारास काय चालतं ते सांगते. आत खीर आटत असते, वड्यांचं उडदाचं पीठ फेसून तयार, गवार आणि भोपळ्याची भाजी उतरलेली, आमसुलाची चटणी वाटून वाटीत काढलेली. बाहेर पाटावर नवरा जानवं उजव्या खांद्यावर घेऊन बसलेला, बोटात दर्भाचं पवित्रक, समोर ताम्हण आणि काळे तीळ. गुरुजी विचारतात, 'माता?' नाव येतं. 'पितामही?' तेही येतं. 'प्रपितामही?' आणि नवरा मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहतो. पणजीचं नाव पुरुषांना आठवत नाही. सासूबाई पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता सांगतात, आणि वर हेही सांगतात की ते लग्नातलं नाव, माहेरचं वेगळं होतं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी ताम्हणात पडतं. ज्या बाईला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही, तिचं नाव वर्षातून निदान एकदा घरात मोठ्याने घेतलं जातं.

यादी एवढ्यावर थांबत नाही. काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे, गुरू, मित्र येतात. शेवटी ज्यांना पाणी द्यायला कुणीच उरलं नाही असे, आगीत गेलेले, गर्भातच गेलेले, अशा सगळ्यांसाठी ओंजळ सोडतात. हा भाग गुरुजी घाईने म्हणून टाकतात. मला विचाराल तर सगळ्या विधीत तोच सर्वांत मोठ्या मनाचा आहे.

पितरांचं आपल्याकडे काय निघतं?

तैत्तिरीय संहितेत एक जुनी कल्पना आहे. माणूस जन्मतो तो तीन ऋणं घेऊनच. ऋषींचं ऋण शिकून फेडायचं, देवांचं यज्ञाने आणि पितरांचं संततीने. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋणही येतं, माणसांचं, आणि ते अतिथीला आसरा देऊन फेडायचं आहे. यात कुणाचा अपराध नाही, शिक्षा नाही. आपण ज्या अन्नावर, ज्या भाषेवर, ज्या घरात वाढलो ते आपण उभं केलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारूची गोष्ट आहे. हा तपस्वी, लग्न न करता फिरणारा. एका खड्ड्यात त्याला काही माणसं खाली डोकं, वर पाय अशी लटकलेली दिसतात. वाळ्याच्या एका मुळाला ती धरून आहेत आणि ते मूळ एक उंदीर कुरतडतो आहे. विचारल्यावर कळतं की ते याचेच पितर. वंशात हा एकटाच उरला आणि हाही लग्न करेना, म्हणून त्यांची ही दशा. या गोष्टीत संकटात कोण आहे ते पाहा. लटकले आहेत ते पितर, आणि आधार मागताहेत नातवापणतवाकडे. अगस्त्यांच्या गोष्टीतही असंच आहे. आजच्या पितृदोषात हे चित्र उलटं झालं आहे. पितर वर बसून मारताहेत आणि खाली नातू तळमळतो आहे. जुन्या गोष्टींतले पितर असे नाहीत.

मग पत्रिकेत हा दोष आला कुठून?

ज्योतिषात रवी हा पित्याचा कारक, म्हणजे वडिलांविषयी बोलणारा ग्रह. नववं स्थान भाग्याचं, आणि बरेच जण वडिलांचा विचारही तिथूनच करतात. राहू-केतू हे ग्रहगोल नव्हेत. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते नेहमी समोरासमोर असतात आणि ग्रहणाशी त्यांचं नातं आहे. रवीजवळ राहू-केतू आले, नवव्या स्थानी ते बसले किंवा रवीवर शनीची नजर पडली, की आजकाल सर्रास पितृदोष सांगतात.

बृहत्पाराशर होराशास्त्राच्या छापील प्रतींत पूर्वजन्मीच्या शापांवर एक अध्याय आहे. त्यात सर्पशाप, पितृशाप, मातृशाप, भ्रातृशाप असे प्रकार येतात आणि त्यांची ग्रहस्थिती दिलेली आहे. पण तो सगळा अध्याय एकाच प्रश्नाचा आहे: मूल का होत नाही? आणि तिथे पाहायचं ते मुख्यतः पंचम स्थान, संततीचं घर. सर्वसाधारण अडचणींसाठी तो लिहिलेला नाही. नोकरी, फ्लॅट, कर्ज, मुलाचा परीक्षेतला निकाल, हे नंतर कुणीतरी जोडलेलं आहे. गयाश्राद्ध, ब्राह्मणभोजन, दान असे उपाय तिथे सांगितले आहेत. आज मिळणारं भलंमोठं पॅकेज तिथे नाही.

किती जणांना हा दोष असतो?

हे तुम्हाला घरी बसून मोजता येईल. सूर्य प्रत्येक राशीत एक महिना असतो. राहू एका राशीत साधारण दीड वर्ष मुक्काम करतो आणि केतू समोरच्या राशीत. म्हणजे दर वर्षी एक महिना सूर्य राहूच्या राशीत असतो, एक महिना केतूच्या. बारांतले दोन महिने. त्या दोन महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पत्रिकेत रवी-राहू किंवा रवी-केतू एकत्र येणार. सहांत एक.

आता नवव्या स्थानाचं पाहू. लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, दर दोन तासांनी बदलते, आणि पत्रिकेतली स्थानं तिच्यापासूनच मोजतात. दिवसाच्या चोवीस तासांत साधारण दोन तास राहू नवव्यात असतो, दोन तास केतू. पुन्हा सहांत एक. रवीशी शनीची युती किंवा त्याच्यावर शनीची तिसरी, सातवी वा दहावी दृष्टी असेल तरी दोष धरतात. म्हणजे शनी बसलेली रास आणि तिच्यापासून तिसरी, सातवी, दहावी अशा बारांतल्या चार राशी, तिघांत एक.

या तिन्ही कसोट्यांतून निसटणारे किती? पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश गुणिले दोन तृतीयांश. उत्तर येतं शंभरात सेहेचाळीसच्या आसपास. उरलेले चोपन्न पितृदोषी. चंद्रावर राहू, पाचव्यात शनी अशा आणखी दोन-चार अटी घातल्या की जवळजवळ सगळा मोहल्ला आत येतो.

नियम मोजके आणि कडक ठेवून पत्रिका पाहणारे ज्योतिषी आहेत. दोष मांडून लगेच 'पण गुरूची दृष्टी आहे, काळजी नको' असं सांगणारेही आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण तुमच्या पत्रिकेत पितृदोष निघाला, तर शेजारच्या दोन घरांतल्या एकाच्या पत्रिकेतही तो निघेल एवढं लक्षात असू द्या. त्या शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न बहुधा वेळेवर झालेलं असेल.

'पण आजोबांचं पाप नातवाला भोवतं, असं शास्त्रच म्हणतं ना?'

म्हणतं. हे लपवायचं कारण नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे की अधर्माचं फळ करणाऱ्याला मिळालं नाही तर मुलांना, मुलांना नाही तर नातवांना मिळतं. महाभारतातही असे उद्गार आहेत. पण ते कुणाला उद्देशून आहेत ते बघा. अधर्म करू पाहणाऱ्याला दिलेली ही ताकीद आहे: तुझ्या पोराबाळांपर्यंत जाईल, थांब. नातवाला समोर बसवून 'तुझ्या दुखण्याचं कारण तुझे आजोबा' असं सांगायला ते वाक्य लिहिलेलं नाही.

शिवाय आपल्याच दर्शनकारांनी कर्माच्या विचाराला एक कुंपण घातलं आहे. केलेल्या कर्माचं फळ बुडता कामा नये आणि न केलेल्याचं फळ माथी येता कामा नये. हे दोन्ही ते तर्काचे दोष मानतात. आजोबांनी जमीन लाटली आणि भोगतोय नातू, तर हा दुसरा दोष सरळच घडतो.

व्यवहारातही स्मृतिकारांनी हाच विचार केला आहे. वडिलांचं कर्ज मुलाने फेडावं हे त्यांना मान्य. पण मनूच्या आठव्या अध्यायात अपवाद दिले आहेत. वडिलांचं जुगाराचं देणं, दारूचं देणं, उगाच कबूल केलेली दानं, दंडाची बाकी हे मुलाने द्यायचं नाही. बापाचं व्यसन मुलाच्या गळ्यात अडकवायचं नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना कळत होतं. पुढे हिंदू कायद्यात मुलगा, नातू आणि पणतू यांच्यावर वडीलधाऱ्यांचं कर्ज फेडायची धर्म म्हणून जबाबदारी मानली जात असे. पिंडाच्या त्याच तीन पिढ्या. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने ती काढून टाकली. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारे सावकाराला मुला-नातवा-पणतवाच्या मागे लागता येत नाही. आजोबांच्या पापाची वसुली करणाऱ्यांनाही हा नियम लागू असता तर किती बरं झालं असतं.

'विज्ञानही आता हेच सांगतं'

असा एक निरोप फिरतो. त्यात हॉलंडचा दाखला असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथे भयंकर उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्या मुलांना पुढे मोठेपणी मधुमेहासारखे त्रास जास्त झाले. हे खरं आहे. पण त्यातून एवढंच कळतं की गरोदर बाईच्या ताटात अन्न नसलं तर बाळाच्या शरीरावर त्याची खूण राहते. त्यात कुणाचं पाप नाही, ग्रह नाही, आणि पूजा करून ती खूण पुसली गेली असंही कुणी म्हटलेलं नाही. घरात तीन पिढ्या साखर असेल तर नातवाने तिशीतच रक्त तपासून घ्यावं. पूर्वजांकडून काय आलं आहे ते ओळखायची ही साधी रीत.

'कर्म ज्याचं त्याचं, मग श्राद्ध पोहोचतं कसं?'

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो विचारणारा नास्तिकच असतो असं नाही. चार्वाक विचारत: मेलेल्याला इथे वाढलेलं पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला, घरीच वाढा. रामायणात जाबाली रामाला थेट सांगतो की श्राद्ध म्हणजे अन्नाची नासाडी. रामाला ते पटत नाही, पण प्रश्न रामायणात आहे, कुणी खोडलेला नाही. स्वामी दयानंदांनी जिवंत आईवडिलांची सेवा हेच श्राद्ध मानलं, मेलेल्यांचं नको म्हणाले.

धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९५३ च्या चौथ्या खंडात श्राद्धाचा मोठा विचार केला आहे. माणूस मेल्यावर आपल्या कर्माप्रमाणे नवा जन्म घेतो असं एकीकडे मानायचं, आणि पन्नास-शंभर वर्षांनंतरही पणजोबा पिंडाची वाट पाहत थांबले आहेत असं दुसरीकडे मानायचं, हे दोन्ही एकत्र बसवणं अवघड आहे, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. इतक्या मोठ्या अभ्यासकाने अडचण झाकली नाही याचा मला आदर वाटतो.

परंपरेचं उत्तर वर आलेल्या तीन देवगणांत आहे. पिंड घेतात ते वसू, रुद्र आणि आदित्य. आपला माणूस सध्या जिथे, ज्या जन्मात असेल, तिथे त्याला चालेल अशा रूपात ते पोहोचवतात. देव झाला असेल तर अमृत, गाय झाली असेल तर गवत. हे मानायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. मी मानते, सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण इतकं नक्की की श्राद्धाचा हा सगळा विचार 'त्यांना काय मिळेल' असा आहे. आपला अडकलेला व्यवहार सुटेल का, हा विचार त्यात पाहुणा म्हणून आला. विधीच्या शेवटी यजमान पितरांकडे मागतो तेही ऐका: आमच्या कुळात देणारे वाढोत, घरात अन्न भरपूर असो, अतिथी येत राहोत, लोक आमच्याकडे मागायला येवोत आणि आम्हाला कुणाकडे मागायची वेळ न येवो. ज्यांच्या कोपाची धास्ती आहे त्यांच्याकडे कुणी असं हक्काने मागत नाही.

पंधरवडा अशुभ आहे का?

माळव्यात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारूच नये. याच सोळा दिवसांत इथल्या मुली संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा काढतात. रोज नवी आकृती, चांद-सूरज असतात, फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, गाणी म्हणतात आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, होतो. एका घरात पितरांसाठी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप-गूळ घालून धूप देताहेत आणि शेजारच्या भिंतीपाशी मुली गाताहेत, असा हा पंधरवडा आहे. लग्न-मुंज या दिवसांत करत नाहीत, कारण हे दिवस पितरांना दिलेले. फ्रीज घेतला, मुलाची फी भरली, भाड्याचं घर बदललं, तर पितर रागावतात याला मला कुठे आधार सापडला नाही.

इंदूरमध्ये आणखी एक गोंधळ ठरलेला. शेजारचे शर्माजी म्हणतात आश्विन कृष्ण पक्ष, आपण म्हणतो भाद्रपद वद्य. दोघेही बरोबर. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. पंधरवडा तोच.

मुलगा नाही, तिथी माहीत नाही, ऐपत नाही

गयेला ज्या विष्णुपद मंदिरात सगळ्या देशातून माणसं पिंड द्यायला जातात, ते आज उभं आहे ते अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधून घेतलेलं. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या लढाईत मारले गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि एकुलता एक मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी. पत्रिकेच्या भाषेत बोलायचं तर या बाईच्या घरात काय काय दोष निघाले असते कोण जाणे. तिने परक्यांच्या पितरांसाठी दगडी मंदिर उभं केलं. इंदूरकरांनी तरी 'बाईचा श्राद्धाशी काय संबंध' असं म्हणू नये. त्याच गयेत सीतेने दशरथाला वाळूचा पिंड दिल्याची कथा सांगतात. आपल्या गुरुजींकडे असतो त्या धर्मसिंधूसारख्या ग्रंथांत श्राद्ध करणाऱ्यांच्या यादीत मुलगा पहिला आहे, पण पुढे पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा हेही आहेत. मंत्र कोणते म्हणायचे यावर मतं वेगळी आहेत. करूच नये असं मात्र नाही.

तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री. सवाष्ण गेलेल्या बाईची अविधवा नवमी, अपघाताने वा शस्त्राने गेलेल्यांची चतुर्दशी. तिथी माहीत असली तरी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली सूर्योदयाची तिथी धरून चालू नका. दिवसाचे पाच भाग केले तर चौथा तो अपराण्ह, साधारण दुपारी दीड ते पावणेचार. त्या वेळी जी तिथी असेल ती श्राद्धाची. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात.

आणि पैसा. मनूने श्राद्धाला देवांकडे दोन आणि पितरांकडे तीन ब्राह्मण पुरे म्हटलं आहे, ऐपत असली तरी पसारा वाढवू नये असंही. विष्णुपुराणात तर पार शेवटची पायरी आहे. काहीच नसेल तर तीळ आणि पाणी द्या, नाहीतर गाईला मूठभर चारा घाला, तेही नसेल तर रानात जाऊन हात वर करा आणि पितरांना सांगा की माझ्याकडे देण्यासारखं काही नाही, भक्ती आहे, ती घ्या. हे लिहिणाऱ्यांना गरिबाचं घर माहीत होतं. कर्ज काढून शांत करायचे पितर त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते.

तरीही दोष सांगितलाच तर

आधी विचारा की कोणत्या ग्रहस्थितीवरून सांगता आणि ती कोणत्या ग्रंथात आहे. जाणता ज्योतिषी या प्रश्नाने चिडत नाही, पत्रिका पुढे ओढून दाखवतो. मग विचारा की घरचा महालय नीट केला तर चालेल का. बहुतेक जुने गुरुजी 'चालेल' म्हणतात. घरात बरीच वर्षं श्राद्ध झालेलं नसेल तर त्रिपिंडी सांगतात, कुणी अपघातात गेलं असेल तर नारायणबळी. त्याला त्याची कारणं आहेत. कारण न विचारता 'अमावास्येच्या आत करा, नाहीतर' असं म्हणणाऱ्यापाशी उठून यावं.

मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांच्याही तपासण्या करून घ्या, दोघांच्याही. सुनेला एकटीला घाटावर बसवून पिंडाला हात लावायला लावणं हे निर्दयपणाचं आहे. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने यंत्र, ताईत, कवच, मंत्र यांनी वंध्यत्व बरं होतं अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. हा कायदा मध्य प्रदेशातही लागू आहे. मोबाईलवर तशी जाहिरात दिसली तर ती पुढे पाठवू नका.

आणि २७ सप्टेंबरच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची नावं, बायकांची लग्नाआधीची नावंसुद्धा, गोत्र आणि गेल्याच्या तिथी लिहून घ्या. वडील हयात आहेत म्हणून ज्यांना महालय करता येत नाही, त्या मुलांना आईच्या वडिलांचं श्राद्ध आश्विन शुद्ध प्रतिपदेला, आजेपाडव्याला करता येतं. यंदा तो ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे. त्याच दिवशी घटस्थापनाही आहे, तेव्हा गुरुजींची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.